खडतर वाट आणि दोन दुचाक्या
(विजेरी व पेट्रोलच्या डोंगरी गाड्यांची तुलना)



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस दहावीच्या वर्गात एक वाद उपस्थित झाला. तास वस्तुतः व्याकरणाचा होता. समास शिकवीत असता 'विद्युच्चलित' हा शब्द फळ्यावर आला, आणि मागल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, विजेची मोटारसायकल डोंगर चढते काय हो?" आम्ही उत्तर देण्याच्या आतच पुढल्या बाकावरचा एक मुलगा उसळून म्हणाला, "चढते कसली! अर्ध्या वाटेत बॅटरी संपते, मग ढकलत आणा घरी!" वर्ग हसला. समास बाजूला राहिला.

तास संपल्यावर तो पुढल्या बाकावरचा मुलगा आमच्यामागून वऱ्हांड्यात आला. त्याच्या वडिलांचे मोटारसायकल-दुरुस्तीचे लहानसे गॅरेज आहे. तो हळूच म्हणाला, "सर, सगळ्या गाड्या विजेच्या झाल्या, तर बाबांचे गॅरेज बंद पडेल?" त्याच्या मघाच्या आवेशामागे काय होते, ते तेव्हा आमच्या ध्यानात आले. त्याला तिथल्या तिथे काहीतरी गोड सांगून वाटेला लावणे सोपे होते. परंतु आमचे शिक्षण कलाशाखेचे. यंत्राविषयी अज्ञानाने दिलेला धीर हा धीर नव्हे. "चौकशी करून सांगतो," एवढेच आम्ही म्हणालो. ती चौकशी म्हणजेच हा लेख होय.

प्रथम थोडा इतिहास. पुष्कळांची समजूत अशी की, पेट्रोलची गाडी जुनी व विजेची गाडी नवी. इतिहास याच्या उलट सांगतो. फ्रान्समधील गुस्ताव त्रुव्हे याने १८८१ साली पॅरिसमध्ये विजेवर चालणारी तीनचाकी रस्त्यावर आणली. जर्मनीत गॉटलीब डाइम्लर व विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनविली ती १८८५ साली, म्हणजे चार वर्षांनंतर. मग शर्यतीत आधी निघालेली वीज मागे का पडली? कारण एकच: वीज साठवून बरोबर नेणे कठीण. त्या काळच्या शिशाच्या बॅटऱ्या फार जड होत्या. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि हे ओझे पुष्कळ उतरले. ज्या संशोधनावर ही बॅटरी उभी आहे, त्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज जी हलकी विजेरी डोंगरी दुचाकी दिसते, ती या बॅटरीचीच लेक आहे.

आता मुख्य विषय. खडतर वाट म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या मुलांना सांगावयास नको. जांभ्या दगडाच्या ओबडधोबड पायऱ्या, पावसात शेवाळलेले खडक, काजूच्या बागेतील सैल माती, वाटेत आडवी पडलेली मुळे, आणि मध्येच एखादा व्हाळ. अशा वाटेवर ताशी १० किलोमीटरही वेग पुरे होतो. तेथे कस लागतो तो वेगाचा नव्हे, सावकाश चालण्याचा. आमच्या घरच्या कोंकणीत याला 'ल्हवू' असा एक छान शब्द आहे. ल्हवू चालणे म्हणजे हळू व हलकेच चालणे. या दोन यंत्रांपैकी कोणते अधिक चांगले 'ल्हवू' चालते, हा खरा प्रश्न.

आमचा एक माजी विद्यार्थी मोटारगाड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. त्याच्या मित्राजवळ एक हलकी विजेरी डर्टबाइक होती. त्याची स्वतःची पेट्रोलची डोंगरी मोटारसायकल होती. एका रविवारी, ओळखीच्या एका बागाईतदाराची परवानगी घेऊन, त्यांच्या काजूच्या डोंगरावर दोन्ही गाड्या नेण्यात आल्या. आमचे विज्ञान शिकविणारे सहकारीही आले. गाड्या त्या दोघा तरुणांनी चालविल्या. आम्ही फक्त पाहण्याचे, टिपण्याचे आणि प्रसंगी ढकलण्याचे काम केले. ढकलण्याने पुष्कळ शिकायला मिळते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

पहिली गोष्ट वजनाची. सर्वसाधारण हलकी विजेरी डर्टबाइक सुमारे ५५ किलो भरते. चीनमधील 'सुर-रॉन' या कंपनीची 'लाइट बी' ही या जातीची प्रसिद्ध गाडी. उलट, शर्यतीची पेट्रोलची एंड्युरो गाडी १०० किलोंच्या थोडी वरच असते. आणि आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या डोंगरी मोटारसायकली तर १५० किलोंच्याही पलीकडे जातात. आता गणित करू. चालकाचे वजन ७० किलो धरले, तर विजेरी गाडीसह एकूण १२५ किलो व एंड्युरो गाडीसह १७५ किलो होतात. ३० अंशांच्या चढावर गाडीला मागे खेचणारे बल म्हणजे एकूण वजनाचा अर्धा भाग. पहिल्या गाडीवर ते सुमारे ६१० न्यूटन, दुसरीवर सुमारे ८६० न्यूटन. म्हणजे ज्या चढावर विजेरी गाडीला ५ भाग जोर लागतो, तेथे दुसरीला ७ भाग लागतो. गाडी आडवी पडली की हा फरक कागदावरून अंगात उतरतो. त्या दिवशी विजेरी गाडी पडली तेव्हा एकट्या चालकाने ती उचलली. पेट्रोलची गाडी उतारावर आडवी झाली तेव्हा आम्हा तिघांचे हात लागले, आणि टाकीच्या झाकणातून थोडे पेट्रोलही सांडले.

दुसरी गोष्ट जोर निर्माण होण्याच्या रीतीची. पेट्रोलचे इंजिन स्थिर असताना जोर देऊच शकत नाही. सिलिंडरात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण जळावे, दट्ट्या खालीवर व्हावा, यासाठी इंजिन आधी फिरत असावे लागते. आणि भरपूर जोर हवा असेल तर मिनिटाला काही हजार फेरे व्हावे लागतात. चाक मात्र हळूच फिरले पाहिजे. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी गिअर व क्लच असतात. अवघड चढावर क्लचवरच्या दोन बोटांचे काम किती नाजूक असते, ते चालविणाराच जाणे. किंचित जास्त सोडला की चाक भिरभिरते, किंचित कमी गती राहिली की इंजिन बंद पडते; आणि चढाच्या मध्यावर बंद पडलेले इंजिन म्हणजे मोठी आपत्ती.

विजेच्या मोटरीचे असे नाही. मोटर फिरू लागली की तिच्या वेटोळ्यांत उलट दिशेचा विद्युत्दाब उत्पन्न होतो, आणि गती वाढते तसा तो वाढत जाऊन बॅटरीकडून येणाऱ्या प्रवाहास अडवितो. मोटर स्थिर असते तेव्हा हा विरोध शून्य असतो. म्हणून तिचा पीळ, ज्याला गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात, तो पहिल्या क्षणापासूनच पुरा मिळतो. प्रवाह बेताबाहेर जाऊ नये म्हणून नियंत्रक, म्हणजे कंट्रोलर, त्याला आवर घालतो. मूठ जरा पिळली की गाडी जरा सरकते. सोडली की थांबते. बंद पडणे हा प्रकारच नाही. शिवाय क्लच नसल्याने अशा पुष्कळ गाड्यांत मागचा ब्रेक सायकलीप्रमाणे डाव्या हाताशी असतो. तीव्र उतारावर त्यामुळे दोन्ही पाय तोल सांभाळण्यास मोकळे राहतात. नवशिक्याला ही गाडी लवकर साधते, ती यामुळेच.

येथवर वाचून मागल्या बाकावरचा विद्यार्थी खूष झाला असेल. परंतु दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये.

वाटेत आडवे पडलेले लाकूड ओलांडताना आमच्या त्या माजी विद्यार्थ्याने एक युक्ती दाखविली. त्याने क्लच दाबून इंजिनाचा वेग वाढविला आणि मग क्लच एकदम सोडला. इंजिनातील जड चक्रात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, साठलेली गती एका झटक्यात चाकाला मिळाली व पुढचे चाक लाकडावर चढले. क्लच नसलेल्या विजेरी गाडीत असा साठा करून ठेवता येत नाही. कसलेल्या चालकांना ही उणीव जाणवते. म्हणूनच 'इलेक्ट्रिक मोशन' या फ्रेंच कंपनीने ट्रायल प्रकारच्या आपल्या काही विजेरी गाड्यांना मुद्दाम क्लच बसविला आहे.

याहून मोठी अडचण उष्णतेची. एका उभ्या चढावर विजेरी गाडीचे चाक दगडाला अडले. चालक मूठ पिळीत राहिला. मोटर फिरेना, पण प्रवाह मात्र वाहत राहिला. फिरणे नाही म्हणजे काम नाही. सारी वीज वेटोळ्यांत उष्णता होऊन बसते, आणि प्रवाह दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. तिसऱ्या प्रयत्नानंतर नियंत्रकाने मोटर जळू नये म्हणून जोर आपोआप कमी केला, आणि पंधरा-वीस मिनिटे सावलीत थांबावे लागले. पेट्रोलचे इंजिनही अशा जागी तापते, कारण गाडी चालत नसली की वारा लागत नाही. पण त्या दिवशी आधी दम टाकला तो विजेने, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

आता साठ्याचा हिशेब. हाच या वादाचा गाभा आहे. घरी विजेचे बिल येते त्यात 'युनिट' असते. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास ऊर्जा. हलक्या डर्टबाइकच्या बॅटरीत सुमारे २ युनिटे मावतात आणि तिचे वजन १० किलोंच्या आसपास असते. १ लिटर पेट्रोल जाळले तर सुमारे ९ युनिटे ऊर्जा मिळते आणि त्याचे वजन पाऊण किलोही नसते! परंतु इंजिन त्यांपैकी पाचवा हिस्साच चाकापर्यंत पोचविते. बाकीची उष्णता होऊन धुरांड्यातून व इंजिनाच्या अंगातून निघून जाते. ९ युनिटांचा पाचवा हिस्सा १.८ युनिटे. विजेची मोटर मात्र १०० पैकी ८५ भाग सहज उपयोगात आणते. २ युनिटांचे १.७ झाले. म्हणजे काय झाले? संपूर्ण भरलेली बॅटरी ही जवळजवळ १ लिटर पेट्रोलच्या बरोबरीची ठरली. एंड्युरो गाडीच्या टाकीत असे ८ ते ९ लिटर मावतात. टाकी रिकामी झाली तर पाच मिनिटांत पुन्हा भरता येते. बॅटरी भरण्यास तीन-चार तास लागतात, आणि डोंगरात खांब व तारा कोठून आणणार?

आमच्या सहकाऱ्यांनी येथे एक मौजेचे गणित घातले. १२५ किलो वजन ३०० मीटर उंच नेण्यास केवळ ०.१ युनिट लागते. मग २ युनिटांत तो डोंगर पंधरा-सोळा वेळा चढता यावयास हवा. प्रत्यक्षात दोन तासांच्या खटपटीनंतर बॅटरीचा काटा तळाशी आला. उरलेली ऊर्जा गेली कोठे? ती सैल मातीत, घसरत्या चाकात, दगडांवरच्या धक्क्यांत, वारंवार थांबण्यात व पुन्हा निघण्यात गेली. उंची फारच थोडे मागते. वाटेचा खडतरपणाच सारे घेऊन जातो.

कोणी म्हणेल, मोठी बॅटरी बसवा. तसेही झाले आहे. बार्सिलोना येथील 'स्टार्क' कंपनीने २०२१ साली 'वार्ग' नावाची विजेरी गाडी जाहीर केली. तिची बॅटरी सुमारे ६ युनिटांची व शक्ती ८० अश्वशक्तीची. पण वजन पाहिले तर ११० किलो, म्हणजे पेट्रोलच्या गाडीइतकेच. ज्या हलकेपणासाठी विजेरी गाडी हाती घेतली, तोच हातचा गेला. हलकेपणा हवा असेल तर पल्ला सोडावा लागतो, पल्ला हवा असेल तर हलकेपणा. दोन्ही एका वेळी देणारी बॅटरी अजून बनावयाची आहे. पेट्रोलच्या बाजूनेही हे सांगितले पाहिजे की, बैठक काढून टाकलेल्या ट्रायल प्रकारच्या पेट्रोल गाड्या ७० किलोंच्या आसपास असतात. तेव्हा हलकेपणा ही काही केवळ विजेची मिरासदारी नव्हे.

पाणी, थंडी आणि उंची यांविषयीही दोन शब्द सांगतो. व्हाळ ओलांडताना पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरले तर ते बंद पडते, प्रसंगी मोडतेही. विजेच्या मोटरीला श्वास घ्यावा लागत नाही. परंतु तिचे जोड पाणबंद नसतील तर धोका आहेच. उंच पर्वतावर हवा विरळ होते आणि इंजिनाची शक्ती साधारणतः दर १,००० मीटरना दहाव्या हिश्श्याने घटते. विजेला ही बाधा नाही. मात्र गोठविणाऱ्या थंडीत लिथियमची बॅटरी आखडते आणि तिचा साठा पुरा हाती येत नाही.

आणखी एक फरक कानांना कळतो. पेट्रोलची गाडी सुरू होताच डोंगर तिचाच झाला. विजेरी गाडी गेली तेव्हा साखळीची खरखर, टायरखालचे खडे आणि दूरचा व्हाळ इतकेच ऐकू येत होते. हा लाभ खराच. परंतु त्याच शांततेमुळे वळणावर लाकडे घेऊन येणाऱ्या बाईला गाडीची चाहूल लागली नाही, आणि ती दचकून बाजूला झाली. चालकाने उतरून क्षमा मागितली. मूक वाहन चालविणाऱ्याने दुप्पट सावध असले पाहिजे. शिवाय आवाज नाही म्हणून रानाला त्रास नाही असे समजू नये. चाक भिरभिरले की दोन्ही गाड्या माती सारख्याच उकरतात, आणि त्या चरांतून पहिल्या पावसात डोंगराची माती वाहून जाते. म्हादई अभयारण्यासारख्या राखीव रानात परवानगीवाचून कोणतीही गाडी नेणे हा गुन्हा आहे. विजेची म्हणून सूट नाही.

परदेशातील एक उदाहरण देऊन हा भाग आवरतो. ऑस्ट्रियात आयझेनएर्ट्स या गावी 'एर्ट्सबेर्ग' नावाचा डोंगर आहे. नावाचा अर्थच 'खनिजाचा डोंगर'. डिचोली-सत्तरीच्या मुलांना त्याचे चित्र दाखविले तर आपल्याकडचीच लोहखाण म्हणतील, असे त्याला पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले आहे. तेथे १९९५ पासून जगातील अत्यंत कठीण मोटारसायकल-शर्यतींपैकी एक भरते. मुख्य शर्यतीस ५०० जण निघतात, मुदत चार तासांची, आणि शेवट गाठतात ते बहुधा अगदी मूठभर. २०१५ साली एका अतिशय उभ्या टप्प्यावर सर्वांत पुढचे चार वीर अडकले. ग्रॅहॅम जार्विस, जॉनी वॉकर, आल्फ्रेदो गोमेझ आणि आंद्रेआस लेटेनबिख्लर हे ते चौघे, एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. शंभर किलोंची गाडी एकट्याने वर निघेना. तेव्हा चौघांनी मिळून एकेक गाडी ओढून वर काढली, आणि चौघेही एकत्रच शेवटास पोचले. चौघांनाही संयुक्त विजेते ठरविण्यात आले. गाडी कोणतीही असो, वाट फार खडतर झाली की शेवटी माणसाला माणूसच लागतो.

आता निकाल. दोन तासांची जवळची वाट, वळणे पुष्कळ, वेग थोडा, चालक नवशिका, परतण्यास वीज हाताशी, अशा ठिकाणी हलकी विजेरी गाडी श्रेष्ठ. दिवसभराचा लांब पल्ला, दूरचे रान, वाटेत वीज नाही, अशा ठिकाणी आज तरी पेट्रोलच श्रेष्ठ. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने २०१७ साली ट्रायलमध्ये विजेरी गाड्यांसाठी वेगळा चषक सुरू केला. तेथे वाट आखूड व अडथळे फार, म्हणून विजेने प्रथम पाय रोवला तो अशा जागी, हे या हिशेबाशी जुळतेच.

आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर? विजेरी गाडीला इंजिन-तेल बदलावे लागत नाही, प्लग साफ करावा लागत नाही, व्हॉल्व्ह लावून घ्यावे लागत नाहीत. गॅरेजचे हे काम कमी होईल, हे लपवून उपयोग नाही. परंतु त्याच दिवशी त्या विजेरी गाडीची साखळी उतरली, ब्रेकचे पॅड झिजलेले निघाले आणि मागच्या चाकाचा एक बेअरिंग कुरकुरत होता. ज्याला पेट्रोलची गाडी बसविता येते, त्याला हे सारे येतेच. उरले ते मोटर, नियंत्रक आणि बॅटरी. ते शिकावे लागेल. ते शिकण्याचा पाया मात्र दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, 'विद्युत्धारेचे परिणाम' शिकताना, आज तुमच्यासमोर आहे. आम्ही त्या मुलाला हेच सांगितले. तो काही बोलला नाही. पण पुढच्या आठवड्यात विज्ञानाच्या सरांपाशी मल्टिमीटर कसा लावतात हे विचारीत तो उभा होता, आणि त्याच्याबरोबर त्याचे वडीलही होते.

जाता जाता एक ताकीद. १८ वर्षे पुरी होण्याआधी अशी गाडी रस्त्यावर चालविण्यास कायद्याची मोकळीक नाही. १६ व्या वर्षी मिळते ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरतीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या अपराधासाठी पालकासही दंड व कारावास होऊ शकतो. तेव्हा आज गाडी समजून घ्या. चालविण्यास आयुष्य पडले आहे. आणि चालवाल तेव्हा हेल्मेट घालून, ल्हवू चालवा.

स्वाध्याय
१. १ लिटर पेट्रोल व २ युनिटांची बॅटरी यांची उपयुक्त ऊर्जा जवळजवळ सारखी कशी, ते गणिताने दाखवा.
२. चाक अडले असता मोटर अधिक का तापते?
३. तुमच्या गावातील एखादी खडतर वाट निवडा. तिची लांबी, चढ, पाणी व माती यांचा विचार करून तेथे कोणती गाडी न्यावी, की पायीच जावे, ते सकारण लिहा.